सेमाफोरला मराठीत काय म्हणावं : संकेत, टोकन की नंबर?

दारव्हा : बी.एस्सी.च्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत, आणि मधल्या सुट्टीतली चर्चा वऱ्हाडीत. थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममध्ये इतरांसोबत एकाच वेळी चालणाऱ्या कामाला, ‘धागा’ म्हटलं की कोणी अडखळत नाही, कापसाच्या मुलखात अडखळणार तरी कोण! पण ‘काउंटिंग सेमाफोर’, म्हणजे एका वेळी किती धाग्यांना आत सोडायचं हे आवरणारा आकडा, आला की वर्ग गप्प. एका जुन्या नोट्समध्ये त्याला ‘गणक संकेतक’ म्हटलंय. तो शब्द पाठ करून पोरं लिहितात, “सेमाफोर धाग्यांना संकेत पाठवतो.” हे बरोबर नाही, पण शब्दच तसा असला तर त्यांनी दुसरं काय लिहावं? दुसरा शब्द सुचवा.

मूर्तिजापूर : रेल्वेत नोकरी झाली, म्हणून बोलतो. ‘संकेत’ मुळाला धरूनच आहे. ग्रीकमध्ये ‘सेमा’ म्हणजे खूण आणि ‘फोर’ म्हणजे वाहून नेणारा. सेमाफोर म्हणजे खांबावरचा तो हात. आमच्याकडे आडवा असला की थांबायचं, खाली झुकला की निघायचं. “सिग्नल पडला” हे आम्ही त्यावरूनच म्हणायचो. शकुंतला रेल्वेच्या काळातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

वणी : काका, मूळ पटलं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1960च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डच टिपणांत शब्दही ‘साइनपाल’ असाच होता, म्हणजे सिग्नलचा खांब. त्यामुळे ‘संकेत’ म्हणणाऱ्याचं व्युत्पत्तीत काही चुकलं नाही. गडबड पुढे होते. खांबाच्या हाताच्या अवस्था दोनच, थांब आणि चल. एका वेळी एकालाच आत सोडायचं असेल तेवढ्याला त्या पुरतात. सेमाफोरची किंमत एकाहून मोठी ठेवली तर त्याचा उपयोग बराच वाढतो, हे डाइक्स्ट्रांचे सहकारी शोल्टन यांनी दाखवलं. 1965च्या टिपणांत डाइक्स्ट्रांनी त्याचं श्रेय त्यांना दिलंय. ‘काउंटिंग’ म्हणतात तो हाच. तिथे खांब मागे पडतो आणि उरतो फक्त आकडा.

त्या आकड्यावर कामं दोनच. पहिलं काम एकाने कमी करणं. आकडा शून्य असेल तर धागा तिथेच झोपतो. दुसरं काम एकाने वाढवणं. कोणी झोपलेलं असेल तर त्यातल्या एकाला जाग येते. पाहणं आणि बदलणं ही एकच अखंड क्रिया असते, मध्ये दुसरा धागा शिरू शकत नाही. सेमाफोरचा सगळा जीव यात आहे.

या दोन कामांना डाइक्स्ट्रांनी ‘पी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं दिली, तीही डचमधूनच. ‘व्ही’ म्हणजे ‘वाढव’. ‘पी’साठी त्यांनी ‘कमी करून पाहा’ अशा अर्थाचा एक जोडशब्दच घडवला. आपण इथे शब्दासाठी भांडतोय, मूळ माणसालाही शब्द तयारच करावा लागला होता!

पांढरकवडा : राजेहो, एवढं कायले लांबवता? आमच्या जिनिंगात हे रोजचंच हाय. आंगनात चारच गाड्या खाली होतात, म्हून गेटवर टोकन चारच. पाचवा मेटॅडोर आला का उभा राह्यते बाहेर. एक गाडी खाली होऊन निंघाली, टोकन गेटवर वापस आलं, का थे पुढच्याले भेटते. टोकनच म्हना ना!

वणी : दादा, निम्मं काम झालं. माझ्या प्रोग्राममध्ये हेच चालतं. डेटाबेसच्या जोडण्या चार, धागे वीस. सेमाफोर चारपासून सुरू होतो, जोडणी घेण्याआधी एक कमी, परत दिल्यावर एक जास्त. चारांहून जास्त धागे जोडणीला हात लावूच शकत नाहीत. मात्र आत गेलेल्या चौघांना एखादी सामाईक यादी बदलायची असेल तर तिला वेगळं कुलूप हवं. सेमाफोर फक्त संख्या आवरतो, आतलं भांडण सोडवत नाही.

आता टोकन कुठे फसतं ते सांगतो. तुमच्या गेटवर ज्यानं टोकन नेलं तोच परत देतो. सेमाफोरला हे माहीतच नसतं. कमी एकानं करावं आणि वाढ दुसऱ्यानं, हे चालतं. नेहमीच्या कुलपाचं, म्हणजे म्यूटेक्सचं, तसं नसतं. ज्यानं लावलं त्यानंच उघडायचं. दुसरी गोष्ट, एखाद्यानं न घेताच ‘परत’ केलं तर आकडा चाराचा पाच होतो आणि प्रोग्राम चूं करत नाही. घरून टोकन बनवून आणून गेटवर ठेवल्यासारखं. पायथनमध्ये ‘बाउंडेड सेमाफोर’ याच्यासाठीच आहे, सुरुवातीच्या आकड्याच्या वर गेलं की तो चूक दाखवतो.

पांढरकवडा : घरचं टोकन आननारे आमच्याकडेबी हायेत बापा!

दारव्हा : “कमी एकानं, वाढ दुसऱ्यानं” हेच पोरांना कळत नाही. मी उत्पादक आणि ग्राहकाचं उदाहरण घेते. माल तात्पुरता ठेवायला दहा खणांचा बफर, सेमाफोर दोन : ‘रिकामे’ दहापासून, ‘भरलेले’ शून्यापासून. उत्पादक ‘रिकामे’ कमी करतो, माल ठेवतो, ‘भरलेले’ वाढवतो. ग्राहक नेमकं उलट. यात ‘टोकन’ म्हटलं की पोरं विचारतात, शून्य टोकनांचं गेट कशाला उघडायचं?

वणी : आणि तिथेच खरा सिग्नल येतो, काका खूश होतील. शून्यापासून सुरू झालेला सेमाफोर म्हणजे “तुझं झालं की मला सांग.” ग्राहक झोपलेला, उत्पादकानं वाढवलं की उठला. म्हणून एकच मराठी शब्द दोन्हीकडे बसत नाही. माझं मत : नाव ‘सेमाफोर’च ठेवा, मराठी करा ती क्रियापदं. ‘घेणं’ आणि ‘सोडणं’. एकाने कमी करण्याला पुस्तकात ‘वेट’ म्हणतात, त्याचं ‘थांबणं’ करू नका. आकडा शिल्लक असेल तर धागा थांबत नाही, सरळ पुढे जातो.

त्या उदाहरणात एक अट जरूर सांगा. आधी सेमाफोर घ्यायचा, मग बफरचं कुलूप. उलट केलं आणि बफर रिकामा असला, तर ग्राहक कुलूप कमरेला बांधून झोपतो, उत्पादकाला आत येता येत नाही, आणि दोघं कायमचे अडकतात.

मूर्तिजापूर : मग ‘नंबर’ का नको? “नंबर लागला” तर सगळ्यांनाच समजतं.

वणी : नंबर म्हटला की रांग आली, आणि रांगेची हमी सेमाफोर देईलच असं नाही. जावा भाषेत सेमाफोर बनवताना न्याय्य हवा असं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मागून आलेला धागाही आधी घुसू शकतो.

दारव्हा : ‘घेणं-सोडणं’ पटलं, तेच फळ्यावर लिहिणार. अजून एक. पोरं आधी आकडा विचारतात आणि शून्य नसेल तर घेतात. हे चालेल का?

वणी : नाही. उत्तर हाती येईपर्यंत आकडा बदललेला असू शकतो. ‘मिळालं तर घे, नाही तर लगेच परत ये’ अशी वेगळी क्रिया असते, ती वापरायला सांगा. जावात मात्र ती न्याय्य सेमाफोरवरही रांग पाळत नाही, शिल्लक दिसली की मधूनच घेते. रांग पाळायची असेल तर तिला थांबण्याची मुदत द्यावी लागते, मग ती शून्य सेकंद का असेना.