दोन बोटं आणि ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम : तुमचे अनुभव सांगा

लेथवाला
काल बाबांना हयातीच्या दाखल्याला नेलं. कामानं घासून अंगठा उमटेना. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "काका, मधलं बोट द्या." बाबांनी उजवा हात पुढं केला आणि गप्प उभे राहिले. मधलं नि त्याच्या शेजारचं, दोन्ही अर्धीच आहेत. कोल्हापूरचं उद्यमनगर, पत्रा कापायचा पॉवर प्रेस, रात्रपाळी.

घरी येऊन तो अल्बम लावला. ब्लॅक सॅबथ ह्या इंग्लंडच्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात. वय १७, कामाचा शेवटचा दिवस, उजव्या हाताच्या ह्याच दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा गडी, म्हणजे तारा दाबायचाच हात. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं लावलं, तारा हलक्या घातल्या. त्याच हातानं १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनमध्ये अल्बम वाजवला. एका दिवसात!

कॉलेजात असताना बाबांना ही गोष्ट सांगितली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "पत्रा किती गेजचा होता?"

गंगावेशची ताई
भाकऱ्या थापता थापता वाचलं, डोळे भरले. इंग्रजी गाण्यातलं मला कळत नाही. बाबांना नमस्कार सांगा.

तीव्र मध्यम
पहिलंच गाणं ऐका. पाऊस, घंटा, मग सा, वरचा सा आणि मधला तीव्र म. तीनच स्वर! युरोपात ह्या अंतराला सैतानाचं म्हणत. देवल क्लबात यमन ऐकत वाढलो, तिथं हाच म दिवेलागणीचा वाटतो. इथं अंगावर काटा.

बेंजो पार्टी
हलक्या तारा बेंजोच्या होत्या म्हणं. आपल्या बेंजोच्या काय भावा?

लेथवाला
न्हाई रं, तिकडचा गोल बेंजो. गिटारीला तसल्या बारीक तारा मिळतच नव्हत्या तवा.

बेंजो पार्टी
तरी नाव आलं की! पोरांना सांगतो. लग्नसराईची सुपारी असंल तर कळवा, पाचगाव-कळंबा कुठंबी येतो.

शिरोली दुसरी पाळी
ड्यूटीवर निघालोय, थोडक्यात. आता दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. आधीच्या ठिकाणी एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं, माल लवकर निघावा म्हणून. मी भांडून काढायला लावलं. पोरांनो, बटण बांधू नका. हात जोडून सांगतो.

कॅसेटवाला
अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी ब्रिटनमध्ये आठव्या नंबरावर नेला. सगळ्या हेवी मेटलचं, म्हणजे जड, दणदणीत गिटारीच्या रॉकचं मूळ हेच. ५ जुलै २०२५ ला बँडचे चौघं बर्मिंगहॅममध्ये शेवटचं एकत्र वाजवले, २२ ला त्यांचा गायक ऑझी गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही.
आयोमीनं गिटार सोडायचं ठरवलं तेव्हा फोरमननं त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली होती. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झालेली. बाबांना कोण भेटायला आलं होतं?

लेथवाला
फोरमनच. केळी घेऊन आले, पलंगाशी बसून रडले. बाबांना पुढं स्टोअरला बसवलं. हलगी मात्र सुटली ती सुटलीच.

गंगावेशची ताई
हलगी वाजवायचे?

लेथवाला
कुस्तीच्या मैदानात. आज सकाळी माळ्यावरनं स्वतःच काढली. कातडं सैल पडलंय, उन्हात ठेवलीय.

बेंजो पार्टी
उन्हानं काय हुतंय. जाळावर शेकवा. लांबनं, फिरवत फिरवत.