प्रोमो कमी करून काय होणार?

वरती दोघातिघांनी लिहिलंय की डब्ल्यूडब्ल्यूईच्या रॉ या दर आठवड्याच्या कुस्ती शोमधली बडबड, म्हणजे पैलवानांचे माईकवरचे प्रोमो, अर्धी करा अन् मॅचेस वाढवा, मग बघा शो कसा पळतो. अर्धं पटतंय. पण २०१२ च्या जुलैत रॉ दोनाचा तीन तासांचा केला तेव्हा मॅचेसला जागा मिळालीच होती की, झालं काय तर तेच ते दोघं दर आठवड्याला भिडायलेत, आज हा जिंकला, पुढच्या वेळी तो, अन् कुणालाच काही फरक पडेना. आमच्याकडं माळेगावच्या यात्रेतसुद्धा नुसता डाव बघायला गर्दी जमत नाही, कुणाचा पठ्ठ्या कुणाशी लागलाय हे आधी कळलेलं असतं.

दुसरं म्हणजे स्टोरी फक्त माईकवरच असते असं धरूनच सगळे बोलायलेत. डब्ल्यूडब्ल्यूईच्याच दुसऱ्या शोचं, ३० एप्रिल २०२१ चं स्मॅकडाऊन बघा, रोमन रेन्स विरुद्ध डॅनियल ब्रायन, ब्रायन हरला तर त्यानं स्मॅकडाऊन सोडायचं. साधा शुक्रवारचा टीव्ही शो, पीपीव्ही (वेगळे पैसे भरून बघायचा मोठा शो) नाही काही नाही, पण अट एवढी सरळ की ब्रायनच्या प्रत्येक किकआऊटला (तीन मोजायच्या आत खांदा उचलून सुटण्याला) जीव वरखाली व्हायचा, शेवटी हरला अन् खरंच गेला की राव. तिथं कुस्ती अन् स्टोरी वेगळी काढताच येत नाही. माझं म्हणणं एवढंच, आठवड्याला अशी एक तरी मॅच द्या जिच्यात हरणाऱ्याचं खरंच काहीतरी जातंय, मग बाकी वेळ बोला लागलं तेवढं, ऐकतो आम्ही.