'उपरोध' कोण करतंय? हाराच्या गोष्टीतला एक अडलेला शब्द

टिळकवाडीकर
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. आमच्या वाचन मंडळात सध्या जुन्या गाजलेल्या कथा चालू आहेत. मोपासाँ या फ्रेंच लेखकाची हाराची गोष्ट (१८८४) मी सांगायची आणि सोबत एक पानाचं टिपण वाटायचं, असं ठरलंय. टिपणात मला म्हणायचं आहे की या कथेतली आयरनी, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलटं होणं, शेवटच्या धक्क्यापुरती नाही, ती नायिकेच्या, माथिल्दच्या, स्वभावातच आहे. 'आयरनी'च्या जागी मी 'उपरोध' लिहिलं. मंडळातल्या एका ज्येष्ठ सरांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'इथे उपरोध कोण कोणाला करतंय?' टिपण लवकरच छापायला द्यायचंय. तुम्ही काय लिहिलं असतं?

निपाणीकर
दैवदुर्विलास. एवढा नेमका शब्द असताना चर्चा कशाला? मैत्रिणीचा हार उसना आणला, एका रात्री मिरवला, हरवला. ३६ हजार फ्रँकचा तसाच दुसरा घेऊन परत केला. ते कर्ज फेडता फेडता दहा वर्षं गेली, बाईच्या हातांची सालटी निघाली, आणि शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. हा दैवदुर्विलास नाही तर काय?

मलप्रभा
सगळं दैवाच्या माथी का मारालाय ओ? दैवानं फक्त हार हरवला. पुढचं दोघांनी आपल्या हातानं केलंय. हार सापडेना म्हटल्यावर नवरा काय म्हणतो बघा: मैत्रिणीला चिठ्ठी लिही, कडी मोडली, दुरुस्तीला टाकलाय म्हणून. तो सांगतो, ती लिहिते. त्या चिठ्ठीत खरं लिहिलं असतं तर कर्जच काढावं लागलं नसतं. मी आठवीच्या पोरांना ही गोष्ट सांगतो तेव्हा मुद्दाम इथं थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय लिहिलं असतं? बरीच पोरं तेच खोटं लिहितात! दैवदुर्विलास म्हटलं की माणूस सुटला. टिळकवाडीकरांना तर नेमकं उलटं म्हणायचंय.

मूळचा चिकोडीचा (पुणे)
'वक्रोक्ती' हा आपला हक्काचा शब्द असताना ही शोधाशोध बघून वाईट वाटलं. शिवराम महादेव परांजप्यांनी १८९८ साली 'काळ' हे साप्ताहिक काढलं आणि वाकडं लिहून सरकारला कसं झोंबवायचं ते दाखवून दिलं. १९०८ मध्ये त्यापायी राजद्रोहाची शिक्षाही भोगली. १९२९ सालच्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. त्याच गावच्या मंडळींनी 'आयरनी, आयरनी' करत बसावं?
ता. क. मलप्रभाताई, 'सांगते', 'थांबते', 'विचारते' असं हवं ना?

खडेबाजार
चिकोडीकर, शिवरामपंतांबद्दल दुमत नाही. खरं, वक्रोक्तीत 'उक्ती' आली, म्हणजे बोलणारा आलाच. सरांचा लाल गोल तिथंही पडणार.
दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. चेखॉव्हची कारकुनाच्या मरणाची गोष्ट (१८८३) घ्या. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो, एका सुंदर संध्याकाळी तितकाच सुंदर एक कारकून नाटकगृहात बसला होता. हे 'तितकाच सुंदर' म्हणजे शंभर टक्के उपरोध. बोलणारा लेखक, बोलणं कारकुनाबद्दल. त्यात त्याचं आडनाव चेर्व्याकोव्ह, आणि रशियनमध्ये 'चेर्व' म्हणजे अळी. पुढे तो शिंकतो, थुंकी पुढच्या जनरलच्या टकलावर उडते. जनरल म्हणतो, असू दे. हा ऐकत नाही. तिथल्या तिथं माफी, मध्यंतरात माफी, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन माफी, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी जनरल खेकसतो, चालता हो! हा घरी येतो, अंगावरचा गणवेश न काढता कोचावर पडतो आणि मरतो. जनरलला चिडवलं ते शिंकेनं नाही, माफीनं. आता या दुसऱ्या प्रकाराला शब्द सांगा, कारण इथं कुणीच कुणाला टोमणा मारत नाहीये.

अनगोळ नाका
आमच्या ऑफिसातले कन्नड सहकारी दोन्हीला सरळ 'व्यंग्य' म्हणतात. मोकळे! मी हा शब्द एकदा मराठीत वापरून बघितला. एका कथाकारावर कार्यक्रम होता, पत्रिकेत विषय दिला 'कथाकाराचे व्यंग्य'. छापखान्यात 'य' गळाला आणि पत्रिका गावभर गेली, 'कथाकाराचे व्यंग'. पाहुणे स्टेजवर चढताना पुढच्या रांगेतली माणसं त्यांच्या पायांकडं बघत होती.

निपाणीकर
'य' गळाला नसता तरी चुकीचंच होतं. व्यंग्य म्हणजे व्यंजनेनं, थेट न सांगता सूचनेनं, कळणारा अर्थ, संस्कृत काव्यशास्त्रातल्या ध्वनिवाद्यांचा. कवितेतला शृंगारसुद्धा व्यंग्य असू शकतो. त्याला टोमण्याचा अर्थ हिंदीनं चिकटवला आणि आपण वाहिन्या बघून उचलला.

अनगोळ नाका
हिंदीचं नाव कशाला? कन्नडमध्ये व्यंग्यचित्र म्हणतात, मराठीत आपण व्यंगचित्र म्हणतो, ते काय व्यंग असलेल्या माणसाचं चित्र असतं?

घटप्रभा
मला तर 'उपरोध'च कळत नाही. संस्कृतात उप + रुध्, म्हणजे अडथळा. अडथळ्याचा टोमणा कसा झाला? माझा अंदाज असा की तोंडावर बोलता येत नाही, शब्द घशात अडतो, म्हणून माणूस आडवाटेनं बोलतो. सासूसमोरची सून आठवा. आमचे आजोबा मात्र ठामपणे म्हणायचे की हे 'उपऱ्या'वरून आलं, उपरा माणूस सरळ बोलत नाही म्हणून!

खडेबाजार
आजोबांना नमस्कार सांगा. व्युत्पत्ती आजोबांची असली की तिला व्याकरण लागत नाही.

टिळकवाडीकर
खडेबाजारांनी प्रश्न बरोबर मांडलाय, धन्यवाद. 'विसंगती' कसं वाटतं? 'विपर्यास' पण मनात होता.

निपाणीकर
विपर्यास नको. विपर्यास म्हणजे मुद्दाम केलेला उलटा अर्थ, 'माझ्या विधानाचा विपर्यास केला' म्हणतात तो. आणि विसंगती फारच कोरडी आहे, हिशेब तपासनीस वापरतो तसली. शिवाय तुमचा मूळ सिद्धान्तच मला पटलेला नाही. ओ. हेन्रीची नाताळच्या भेटींची गोष्ट (१९०५) घ्या. ती केस विकून त्याच्या घड्याळाला साखळी आणते, तो घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या. इथं कुणाच्या स्वभावात खोट आहे?

मलप्रभा
खोट नाही, स्वभाव तर आहे ना? दोघांतलं एक जरी थोडं आपमतलबी असतं तर एक वस्तू तरी कामाला आली असती. चांगुलपणापायीच घोळ झाला. तुमचा दैवदुर्विलास इथं लावा बघू, बसतो का. शेवटी दोघं जेवायला बसालेत की.
माझं मत 'मेख'. 'यात मेख अशी आहे' म्हणतो ना आपण? बोलणारा लागत नाही, दैव लागत नाही. मेख गोष्टीतच ठोकलेली असते, आपल्याला दिसते शेवटी. माथिल्दची मेख ती चिठ्ठी. आणि शेवटचं तिचं हसू आठवा: मैत्रिणीला म्हणते, तुला हार बदललेला कळलाच नाही ना? आणि अभिमानानं, भाबडेपणानं हसते. दहा वर्षं घासूनपुसून राबली खरं मिरवायची हौस गेली नाही. आधी हार मिरवला, आता कष्ट मिरवाली. मैत्रीण बोलायच्या आधीच गोष्टीनं तिला पकडलंय.

खडेबाजार
हसण्याचा मुद्दा जबरदस्त. हे टिपणात घ्या टिळकवाडीकर, शब्द कुठलाही असो.

मूळचा चिकोडीचा (पुणे)
मुद्दा चांगला, शब्द नाही. मेख फारसी आहे. अभिजात कथेच्या टिपणात 'मेख' म्हणजे पैठणीला गोणपाटाचं ठिगळ.

मलप्रभा
हिशेब अरबी, कागद फारसी, शाई पण फारसीच. मग टिपण लिहायचं कशावर, भूर्जपत्रावर?

घटप्रभा
आमच्याकडं अशा वेळी म्हणतात, करायला गेलो गणपती, झाला मारुती. कन्नड शेजारी त्याच अर्थानं म्हणतात, गणपती करायला गेला आणि त्याचा बापच केला. मला कन्नडचं जास्त आवडतं. मारुती म्हणजे नुसतं बिघडणं झालं, बाप म्हणजे भलतंच मोठं होऊन बसणं. ३६ हजारांचा हार म्हणजे गणपतीचा बापच की.

अनगोळ नाका
जी. ए. कुलकर्ण्यांचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं. १९२३ चा जन्म बेळगावचा, प्राध्यापकी धारवाडला. त्यांच्या कथांवर बोलताना समीक्षक सारखं 'नियती' म्हणतात. मला वाटतं निपाणीकरांचा दैवदुर्विलास तिथून आलाय, मोपासाँकडून नाही. आपण सीमाभागातले लोक कुठलीही कथा वाचली की पहिल्यांदा नियतीला कठड्यात उभं करतो.

निपाणीकर
सीमाभागात राहून नियती मानायची नाही तर कुठं मानायची?

टिळकवाडीकर
एक उपप्रश्न. 'पात्राचा स्वभाव' की 'व्यक्तिरेखेचा'? एका जुन्या गाइडमध्ये मला 'नायिकेचे चारित्र्य' असं सापडलं.

खडेबाजार
चारित्र्य लिहिलंत तर मंडळात त्या बिचारीची चौकशी सुरू होईल. 'स्वभाव' एवढंच पुरे.

निपाणीकर
'पात्र' मला नाटकापुरतंच बरं वाटतं. कथेत पात्र म्हटलं की मलप्रभेचं, म्हणजे नदीचं, डोळ्यांसमोर येतं. ताईंनी राग मानू नये.

मूळचा चिकोडीचा (पुणे)
ताई, माझ्या ता. क.चं उत्तर राहिलं. शिक्षिकेनंच 'मी सांगतो' लिहिलं तर आठवीच्या मुलींनी काय लिहायचं?

मलप्रभा
मुली पेपरात 'सांगते' लिहितात, मीच शिकवलंय. इथं मी पेपर लिहालेली नाही. माझी आई, मावशी, आत्या, सगळ्या 'मी येतो', 'मी जातो'च म्हणत आल्या. तुमच्या चिकोडीच्या घरात काय वेगळं बोलतात?

घटप्रभा
हा कन्नडचा परिणाम. कन्नडमध्ये 'मी जातो' आणि 'मी जाते' एकच, बाई-पुरुष भेदच नाही.

अनगोळ नाका
मग कोल्हापूरच्या बायका 'मी आलो' का म्हणतात? तिथं कुठलं आलंय कन्नड?

घटप्रभा
कोल्हापुरात कन्नड नव्हतं कधी? वेगळा धागा काढा, दाखवतो.

मूळचा चिकोडीचा (पुणे)
आमच्या घरातही आई 'जातो'च म्हणते, तो मुद्दा नाही. लिहिताना प्रमाण पाळावं एवढंच.

मलप्रभा
मग आईला एकदा ता. क. पाठवून बघा.

टिळकवाडीकर
छापखान्याचा फोन येऊन गेला. 'विसंगती' ठेवू की 'मेख'?

घटप्रभा
धागा काढलाय: 'कोल्हापूरची मराठी आणि कन्नड'. सगळ्यांनी तिकडं या.