रेड ५ वर लिहिण्याचा खरा वेग कसा मोजायचा?

पिंपळगावकर: नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसचा सर्व्हर सांभाळतो. ७२०० आरपीएमच्या चार डिस्क, कंट्रोलर कार्डावर रेड ५ (सगळ्या डिस्क मिळून एकच साठा, एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो), लिनक्स, पोस्टग्रेस डेटाबेस. डीडी या लिनक्सच्या कमांडने १ जीबीची फाईल लिहून पाहिली तर वेग सेकंदाला १.४ जीबी. आणि इकडे क्रेट काट्यावर चढले की एकेक नोंद सेव्ह व्हायला चार-पाच सेकंद! बाहेर पिकअपची रांग लागते, शेतकरी चिडतात. त्यांचं काय चुकतंय, माल उन्हात असतो. वेग खात्रीने कसा मोजू?

सातपूरकर: भाऊ, तो आकडा रॅमचा आहे. लिनक्स आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, लिहून मोकळं होतं. अशी डिस्क सलग लिहिताना साधारण २०० एमबी देते आणि रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशेबाला, जाते. १.४ जीबी येणार कुठून? डीडीला ‘कन्व्ह=एफडेटासिंक’ (डेटा खरंच डिस्कवर जाईपर्यंत थांब) लावून बघा, आकडा धाडकन खाली येईल.

पण तुमचं दुखणं सलग लिहिण्यात नाहीच. पोस्टग्रेस कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, एफसिंक करतं (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं), म्हणून एफआयओ या चाचणीच्या प्रोग्रामने तेच मोजा: ४ केबीचे ब्लॉक, रँडम राइट (विखुरलेल्या जागी लिहिणं), डायरेक्ट=१ (पेज कॅश टाळून), एफसिंक=१. पाच-दहा मिनिटं चालू द्या, नाहीतर कंट्रोलरची कॅशच मोजली जाईल. चाचणीला वेगळी फाईल द्या. थेट डिस्कचं नाव दिलंत तर सगळा डेटा जाईल, हे फार जपा.

रेड ५ वर एका छोट्या नोंदीला चार कामं पडतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एक डिस्क सेकंदाला ७५ ते १०० वेळा रँडम लिहिते. चौघींचे चारशे धरले तरी भागिले चार, म्हणजे जेमतेम एकीइतकंच.

अंबडवाला: वीज गेली तरी कार्डाची कॅश जपणारी बॅटरी बघितली का? ती गेली की बरीच कार्डं आपोआप राइट-बॅक (कॅशमध्ये आलं की ‘झालं’ म्हणणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘झालं’ म्हणणं) जातात.

पिंपळगावकर: एफआयओने सेकंदाला चाळीसच्या आसपास राइट दाखवले. आणि बॅटरी ‘फेल्ड’! मोड राइट-थ्रू. जबरदस्तीने राइट-बॅक करू का?

सातपूरकर: अजिबात नको. वीज गेली तर कॅशमधल्या नोंदी गेल्या, आणि त्या शेतकऱ्याच्या वजनाच्या नोंदी आहेत. बॅटरी बदला, पूर्ण चार्ज होऊ द्या, मग हीच चाचणी पुन्हा घ्या. एप्रिलमध्ये हंगाम उरकला की बॅकअप घेऊन रेड १० (पॅरिटीऐवजी डेटाच्या दोन प्रती) करा. तिथे चारऐवजी दोनच कामं पडतात. जागा मात्र तीन डिस्कऐवजी दोनचीच मिळेल, तेवढा हिशेब आधी करा.