रताळ्यावरचा भुंगा दिवसा मेल्याचं सोंग घेतो, रात्री पळतो, असं का?

रताळंवाला:
आमचं शेत बेळगुंदीकडं. काल दुपारी रताळ्याचा वेल उचलून बघालतो तर ते मुंगीसारखे, तांबड्या छातीचे भुंगे टपाटप खाली पडले, पाय पोटाशी घेऊन. एक तळहातावर घेतला, फुंकर मारली तरी ढिम्म, आणि आईला दाखवायला वळलो तर गडी मनगटापर्यंत चढलेला! पण रात्री बॅटरी घेऊन गेलो तर तेच भुंगे बोट लागलं की पळालते, एक पण मेला नाही. किडा एकच, मग दोन तऱ्हा कशाला?

बांधावरचा:
सोंड्या भुंगा तो. दिवसा पानाखाली गप्प असतो, रात्री हिंडतो. जपानात ह्याच भुंग्यावर काम झालंय, बसलेल्याला डिवचलं तर मेल्याचं सोंग घेतो, चालत असलेला घेत नाही. पाय चालू असले की पळणंच सोपं की.

चाळणीबाई:
आमच्या पिठातले तांबडे किडे पण चाळणीत असेच पडतात. जपानातल्या ओकायामा विद्यापीठाच्या ताकाहिसा मियाताके यांनी त्यांच्यावरच २००४ साली दाखवलं, बराच वेळ पडून राहणारे आणि लगेच उठणारे असे दोन वाण त्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून वेगळे केले आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यापुढं सोडले, तर पडून राहणारेच जास्त वाचले. शेजारी कोण हललं की कोळी तिकडं जातो, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर हे वाचतात, लबाड कुठले. पण फुकट काय नाही, पडून राहणारे हिंडतात कमी, नरांना माद्या पण कमी मिळतात.

खानापूरचा पाहुणा:
किड्याला एवढी अक्कल? भीतीनं आखडत असंल, सोंग कसलं.

चाळणीबाई:
अक्कल नाहीच हो. लगेच उठणाऱ्यांच्या मेंदूत डोपामाईन, म्हणजे हालचालीला चालना देणारं रसायन, जास्त सापडलं, आणि पडून राहणाऱ्यांना कॅफिन दिल्यावर ते पण लवकर उठले, चहा पाजल्यागत! पण नुसतं आखडणं म्हणाल तर वाळूत खड्डा करून मुंग्या धरणारी अळी असते बघा, ती ६१ मिनिटं पडून राहिल्याची नोंद आहे. एवढा वेळ टिपायला आलेला पक्षी कशाला थांबतोय, म्हणून जीव वाचतो.

रताळंवाला:
मग दुपारीच खाली जुनं धोतर पसरून वेल झाडतो, रात्री मागं पळायला नको.

बांधावरचा:
झाडा, पण बुडाला मातीची भर घालून भेगा पण बुजवा. भुंगा भेगेतून आत शिरून रताळ्यात अंडी घालतो, आणि अळीनं पोखरलेलं कडू रताळं उपासाला कोण घेणार?