नॉर्मंडीची चढाई वर्गात कोणत्या चित्रपटातून दाखवावी?

प्रश्न

नववीच्या वर्गाला मी ६ जून १९४४ ची, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील दोस्त राष्ट्रांची चढाई शिकवणार आहे. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधील ओमाहा किनाऱ्याचा प्रसंग पाहून मला रात्री झोप लागली नव्हती. 'द लाँगेस्ट डे' (१९६२) मध्ये माणसे मरतात, पण रक्त फारसे दिसत नाही. त्या दिवसाची खरी कल्पना मुलांना कशातून येईल?

प्रतिसाद १

सर, मी 'द लाँगेस्ट डे' दाखवेन. त्यात जर्मन माणसे जर्मन बोलतात, फ्रेंच माणसे फ्रेंच बोलतात आणि दोन्ही बाजूंचा गोंधळ कळतो. सेंत-मेर-एग्लीझ गावच्या चर्चवर हवाई छत्री अडकून लटकलेला सैनिक मुले विसरणार नाहीत. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चा दिग्दर्शक स्पीलबर्गचा तो प्रसंग ओमाहापुरता अस्सल आहे, परंतु यूटा, गोल्ड, जूनो आणि स्वोर्ड या उरलेल्या किनाऱ्यांवर काय घडले, तसेच त्या दिवशी उतरलेल्या सुमारे १,५६,००० सैनिकांत ब्रिटिश आणि कॅनेडियन किती मोठ्या संख्येने होते, हे तो पाहून कळत नाही.

प्रतिसाद २

मी ओमाहाला मुद्दाम ओहोटीची वेळ साधून गेलो होतो. पाण्याच्या कडेला उभे राहून टेकडीकडे पाहिले, तेव्हा मधली ओली, उघडी वाळू संपेचना. बूट रुतत होते आणि आडोशाला काहीही नव्हते. जर्मन सेनानी रोमेलने किनाऱ्यावर रोवलेले अडथळे भरतीत पाण्याखाली जाऊन नौका फाडतील, म्हणून उतरण्यासाठी ओहोटीनंतरची वेळ निवडली गेली, आणि त्याची किंमत म्हणून सैनिकांना एवढे अंतर गोळीबारात पार करावे लागले. स्पीलबर्गने हा प्रसंग आयर्लंडमधील करक्लो येथे चित्रित केला. तिथली वाळू अरुंद असल्यामुळे हे अंतर पडद्यावर तुटपुंजे वाटते. कॅनव्हासच्या पडद्याच्या आधाराने तरंगणारे २९ रणगाडे एका तुकडीने खवळलेल्या समुद्रात सोडले, त्यांपैकी २७ बुडाले. चित्रपटात रणगाडे पोहोचले नाहीत एवढेच एका वाक्यात येऊन जाते, आणि मला ते फार अपुरे वाटते.

प्रतिसाद ३

नॉर्मंडीच्या लढाईत सुमारे २०,००० फ्रेंच नागरिक मारले गेले, त्यांतील बरेचसे दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बहल्ल्यांत. कां शहर तर उद्ध्वस्त झाले. या मरणांना दोन्ही चित्रपटांत जवळजवळ जागा नाही, तेव्हा ती आपण तोंडी सांगावीत.

आणखी एक विनंती आहे. रोम ४ जूनला दोस्तांच्या हाती आले, पण दोनच दिवसांत नॉर्मंडीने ती बातमी झाकून टाकली. त्याच इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, सगळे साथीदार पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले आणि तिथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

प्रश्नकर्ता

आपले सर्वांचे आभार. 'द लाँगेस्ट डे'मधील चर्चचा प्रसंग दाखवेन, आणि त्याआधी फळ्यावर भरतीची रेषा, ओहोटीची रेषा आणि टेकडी काढून मधले अंतर मुलांना शाळेच्या मैदानावर चालायला लावेन. घाडगे यांच्यासाठी दुसरा तास मागून घेतो.