डीएसएलआर की सुपरझूम? ज्यांनी वापरलेत त्यांनी अनुभव सांगा

बाबा मार्चमध्ये रिटायर झाले. आता रोज सकाळी सहाला पाषाण तलावावर जातात, गळ्यात जुनी दुर्बीण आणि खिशात वही, दिसलेला प्रत्येक पक्षी वेळेसकट लिहून ठेवतात. आम्ही भावंडं मिळून त्यांना कॅमेरा घेऊन देतोय, बजेट साधारण ५० हजार, थोडं इकडेतिकडे चालेल. दोन-तीन दुकानं फिरलो, सगळीकडे डीएसएलआरच (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) पुढे करतात, आणि बाबांच्या पक्षीवाल्या ग्रुपमधले अर्धे लोक म्हणतात डीएसएलआरच्या भानगडीत पडू नका, सरळ मोठा झूमवाला, म्हणजे एकच न निघणारी लेन्स असलेला सुपरझूम घ्या. स्पेसिफिकेशन मी वाचलेत. तुम्ही पैसे घालून घेतल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते हवंय, चांगलं-वाईट सगळं लिहा.

*

मी २०१७ ला कॅनन १३००डी घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन लेन्स (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). आधी भिगवणचा किस्सा सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. कुंभारगावातून सकाळी होडी केली, मी आणि माझा मित्र, त्याच्याकडे कॅननचाच एसएक्स६० होता, ६५ एक्सवाला, म्हणजे ६५ पट झूमचा. नावाडी काकांनी लांबूनच इंजिन बंद केलं, फ्लेमिंगो बिचकतात म्हणून, आणि तिथून माझ्या २५० मध्ये ते म्हणजे पाण्यावर गुलाबीसर ठिपक्यांची रांग. फोटो टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान म्हणून २५० ला १.६ ने गुणायचं म्हणजे ४०० झालं, ऐकायला भरपूर वाटतं पण पक्ष्यांसाठी ते कमीच पडतं. मित्राचा १३६५ पर्यंत जातो, त्याने चोचीचं काळं टोकसुद्धा घेतलं. मी खरंच खट्टू झालो होतो. पण मग थवा उडाला आणि सगळं उलटं झालं, त्याच्या कॅमेऱ्याला फोकस सापडेपर्यंत पक्षी फ्रेमच्या बाहेर, शिवाय प्रत्येक फोटोनंतर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) क्षणभर काळा होतो त्यामुळे पक्षी कुठे गेला तेच कळत नाही. माझ्याकडे उडत्या थव्याचे १०-१२ फोटो चांगले आले, पंखाखालचा लाल-काळा रंग स्वच्छ. म्हणजे बसलेला पक्षी त्याचा आणि उडता माझा. बाबांना नक्की काय टिपायचंय ते त्यांनाच विचारा.

*

माझं वय ६४, कोथरूडला राहतो. २०१६ पासून निकॉन पी९०० वापरतो, ८३ एक्स, म्हणजे २००० एमएम पर्यंत. तुमच्या बाबांसारखाच मी नोंदीवाला माणूस, त्यामुळे मला भिंतीवर लावायचे फोटो नको असतात, पक्षी ओळखता आला पाहिजे एवढंच. लांबच्या बाभळीवर शिकारी पक्षी बसलाय, शिक्रा आहे का दुसरं काही यावर आमच्यात वाद, फोटो काढायचा, मोठा करून बघायचा, वाद मिटला. हे काम दुर्बिणीने होत नाही.

आता उणं काय तेही सांगतो. पूर्ण झूमला लेन्सचं तोंड एफ ६.५ एवढंच उघडतं म्हणजे उजेड कमी शिरतो, त्यामुळे ऊन असेल तर उत्तम पण झाडीच्या आत, ढगाळ हवेत, संध्याकाळी फोटो मऊ येतो, पिसं रंगाने सारवल्यासारखी दिसतात. मी आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा, वाढवला की फोटो खराब होतो) ८०० च्या वर जाऊच देत नाही. दुसरं म्हणजे पी९०० मध्ये रॉ (नंतर हवा तसा सुधारता येणारा कच्चा फोटो) नाही, नंतर आलेल्या पी९५० मध्ये आहे. आणि तिसरं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर लांबचा फोटो काढूच नका, जमिनीवरची गरम हवा हलते आणि चित्र पाण्याखालच्यासारखं लहरतं, त्याला कॅमेरा बिचारा काय करणार.

एक युक्ती देतो. २००० ला पक्षी शोधायला जाल तर सापडणारच नाही, नुसतं आभाळ दिसेल. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी चौकटीत आणायचा आणि सोडायचं, परत पुढे जातो. हे हातात बसायला मला महिनाभर लागला. वजन ९०० ग्रॅम, हलका नाहीये, तेही ध्यानात ठेवा. रविवारी सकाळी मी पाषाणलाच असतो, बाबांना घेऊन या, हातात घेऊन बघू देत.

*

तो मऊपणा का येतो ते थोडक्यात. सुपरझूममधला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी असतो, करंगळीच्या नखाहून लहान. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर जवळपास १२ पट फरक. पागोळ्यांखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तसं आहे ते. धो-धो पाऊस असेल तर वाटीसुद्धा भरते, भुरभुर असली की फरक कळतो. आणि लहान सेन्सर आहे म्हणूनच तेवढ्या आटोपशीर लेन्समध्ये २००० एमएम बसतं, डीएसएलआरला तेवढं करायचं तर दंडाएवढी लेन्स लागेल.

*

मी निकॉन डी३४००वाली. दरवर्षी दोन दिवस वारीत चालते, पुणे ते सासवड, आणि फोटो माणसांचेच काढते. इथे मला सुपरझूमचं काही कामच नाही. पण पहिल्या वर्षी मी दोन लेन्स घेऊन गेले आणि दिवे घाटात, चालत्या गर्दीत, धुळीत, लेन्स बदलली. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोत आभाळाच्या जागी तेच चार काळे डाग, सेन्सरवर धूळ बसली होती, साफ करून घ्यावा लागला. तेव्हापासून सकाळी जी लेन्स लावली ती रात्रीपर्यंत.

अजून एक, हे कृपया नीट वाचा कारण माझे पैसे गेलेत. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स संध्याकाळी उपयोगाची नाही, मुक्कामाच्या तंबूत कीर्तन चाललेलं असतं, एकच बल्ब, त्यात हललेले फोटो येतात. म्हणून जास्त उजेड घेणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्यायचं ठरवलं, दुकानदाराने जुन्या डी प्रकारातली दिली, स्वस्त आहे म्हणाला. घरी आल्यावर कळलं की निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते, त्यामुळे ती लेन्स लागते पण ऑटोफोकस होत नाही. दुकानदाराने परत घेतली नाही. निकॉन घेणार असाल तर मोटर लेन्सच्या आतच असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी बघून घ्या. पुढच्या वर्षी एएफ-एसवाली घेतली आणि त्या तंबूतले चेहरे, टाळ धरलेले हात, काय सुंदर आले सांगू. आमच्या दिंडीतल्या एका आजींचा फोटो प्रिंट करून दिला, त्यांच्या देवघराशेजारी लावलाय. किट लेन्समध्ये हा फोटो आला नसता आणि सुपरझूममध्ये तर नाहीच नाही.

*

आम्ही दापोलीकर. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवू नका हो! माझा डीएसएलआर जून ते सप्टेंबर बॅगेत पडून होता, लग्नसराईत काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आता हवाबंद प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलचे निळे दाणे, गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर गरम करायचे, परत निळे होतात. बुरशी सुपरझूमलाही लागते, फक्त तिथे लेन्स वेगळी काढून दुसरी लावता येत नाही, अख्खा कॅमेराच दुरुस्तीला.

*

कासचं लिहिते. माझ्याकडे कॅननचा एसएक्स५० आहे, २०१२-१३ चा, अजून ठणठणीत. सप्टेंबरात तिथे फुलांच्यात पाय टाकता येत नाही आणि टाकूही नये, पायवाटेवरूनच बघायचं. लांबचे सीतेच्या आसवांचे निळे गालिचे झूमने आणि वाटेच्या कडेला दवबिंदूचं रोप दिसलं की मॅक्रो (अगदी जवळून टिपायची सोय) लावून लेन्स जवळजवळ टेकवायची, त्या चिकट थेंबांसकट येतं. बरोबरच्या डीएसएलआरवाल्याची १८-५५ पाव मीटरच्या अलीकडे फोकसच करेना, त्याला मॅक्रो लेन्स वेगळी घ्यावी लागणार, आणि ती बॉडीच्या किमतीच्या आसपास जाते.

*

ताडोबाचा अनुभव. तिथे सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळे जो कॅमेरा आहे त्याच्यावरच सगळं. माझ्याकडे ५० एक्सचा सुपरझूम होता. पहाटेच्या फेरीत वाघीण बांबूतून बाहेर आली, जिप्सीपासून फार तर ३० मीटर, आणि उजेड नव्हता. एकही फोटो धारदार नाही, सगळे हललेले. वाघीण आयुष्यात पहिल्यांदा बघितली त्याचा आनंद होताच पण रात्री फोटो बघताना फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला भावाचा डीएसएलआर, निकॉन डी५६००, घेतला आणि १५०-६०० लेन्स तीन दिवसांसाठी भाड्याने आणली. पुण्या-मुंबईत मिळते, डिपॉझिट ठेवावं लागतं. वजन दोन किलोच्या आसपास, हातात धरून खांदे दुखतात, जिप्सीच्या दांड्यावर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर टेकवायची. डीएसएलआरचं मला हेच पटतं, लेन्स विकत घेतलीच पाहिजे असं नाही. पण रोज सकाळी तळ्यावर जाणारा माणूस रोज भाड्याने आणणार नाही, तेही खरं.

*

अमेरिकेतून. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड (सुमारे ९० मीटर) लांब राहायचा नियम आहे. डीएसएलआर आणि ३०० ची लेन्स असताना मी नवऱ्याचा सुपरझूम मागून घेतला, एवढंच सांगते.

*

नवीन घेताय तर एक बघा, निकॉनने डी३५०० बंद केलाय आणि कॅननचंही लक्ष आता मिररलेसकडे (लेन्स बदलता येणारे पण आत आरसा नसलेले कॅमेरे), त्यांचे आर५० आणि आर१०० दोन्ही २०२३ मध्ये आले. जुन्या डीएसएलआर लेन्स सेकंडहँड भरपूर मिळतात त्यामुळे काही बिघडत नाही, पण दुकानदार शिल्लक माल काढत नाही ना तेवढं विचारा.

*

धागा काढला होता ती मीच. सगळ्यांचे मनापासून आभार, वारीवाल्या ताई, तुमचं वाचून मीच ५० एमएमच्या मागे लागलेय!

रविवारी गेलो पाषाणला. कोथरूडच्या काकांनी कॅमेरा बाबांच्या हातात देऊन टाकला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसतंय म्हणाले, तर काकांनी शेजारची छोटी चकती फिरवून नंबर जुळवून दिला, हे मला माहीतच नव्हतं. मग पलीकडच्या काठावर एक कवड्या धीवर वायरवर बसला होता, बाबांनी तीन वेळा हुकवला, चौथ्यांदा ते बटण वापरून पकडला. छातीवर दोन काळे पट्टे म्हणजे नर, हे गेली कित्येक वर्षं ते दुर्बिणीतून अंदाजाने सांगायचे, आता पडद्यावर मोजून दाखवत होते. घरी आल्यावर वही बघितली, त्या नोंदीपुढे लिहिलंय, फोटो आहे.

तर पी९५० ठरतोय, बजेटच्या वर जातोय पण धाकटा भाऊ भर घालतोय. आता फक्त बॅटरीचं सांगा, एका चार्जमध्ये तीनशेच्या आतच फोटो निघतात असं वाचलं, बाबा चार तास बाहेर असतात, एक जास्तीची पुरेल का दोन घेऊ?